नान, मांडे आणि जिबना

गेल्या वर्षी वैशाखात आमचा मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू शारजाहून कायमचे घरी आले. ‘कायमचे’ हा शब्द कोणी उच्चारला नाही. सामानावरूनच तो कळला. सुटीला येणारी माणसे दोन बॅगा आणतात. यांच्याबरोबर सात होत्या, आणि एकीत चक्क मिक्सर होता. कंपनीने माणसे कमी केली, त्यांत आपला नंबर लागला, एवढेच मुलाने सांगितले. आम्हीही पुढे विचारले नाही.

मोठ्या माणसांना आपले दुःख वर्तमानपत्राच्या आड लपवता येते. लहानांना ती सोय नसते. सोहम जेवेनासा झाला. उपाशी राही असे नव्हे. वरणभाताचे चार घास, पोळीचा चतकोर, की झाले. मी थालीपीठ लावले, धिरडी घातली, गूळतूप दिले, शेवटी स्वयंपाकघराची अब्रू गुंडाळून ठेवून बाजारच्या नूडल्सही केल्या. तो सभ्यपणे ‘नको आजी’ म्हणे. नव्या शाळेत मुले त्याला ‘ए दुबई’ म्हणून हाक मारीत. शारजा आणि दुबई ही दोन निरनिराळी गावे आहेत हे सांगून सांगून तो थकला आणि मग त्याने बोलणेच कमी केले. श्रावण येईपर्यंत त्याचे वजन तीन किलोंनी उतरले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली, आणि काही नाही म्हणून सांगितले.

एके रात्री भांडी आवरताना सूनबाई म्हणाली, “आई, त्याला तिथला जिबना हवाय. पण तो मागणार नाही. बाबांना वाईट वाटेल म्हणतो.”

जिबना म्हणजे अरबी भाषेत चीज. त्यांच्या बिल्डिंगखाली एका लेबनानी माणसाची भट्टी होती. शाळेची बस यायच्या आधी मेधा खाली उतरून गरमगरम चीजची रोटी कागदात गुंडाळून आणी आणि हा बसमध्ये ती खात जाई. चार वर्षे, रोज. एखाद्या मुलाच्या लेखी सकाळ म्हणजे काय, तर तो वास.

मी म्हटले, “एवढेच ना? उद्या करून घालते.” पन्नास वर्षे पोळ्या लाटलेल्या बाईला रोटीची काय मातब्बरी! दुसऱ्या दिवशी दूध लिंबाने फाडून पनीर केले, कणकेची जाड पोळी लाटली, तिच्यावर पनीर पसरले आणि तव्यावर झाकण ठेवले. जे तयार झाले ते खाली कडक आणि वर कोरडे होते. पनीर जसेच्या तसे, भुसभुशीत. सोहमने निम्मी खाल्ली आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, “आजी, हे छान आहे. पण हा जिबना नाहीये.” त्या ‘छान’चेच मला जास्त लागले.

आता मला सांगितले पाहिजे की मी या गावात जन्मले, या गावातच दिल्या घरी आले, आणि माझ्या सदुसष्ट वर्षांत येथला नान म्हणून कधी तोंडात घातला नव्हता. गावाचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. माझ्या तोंडात अजून औरंगाबाद येते, त्याला वय कारण आहे. ज्या गावाचा नान-खलिया दूरदूरची माणसे शोधत येतात त्या गावात राहून मी तो फक्त पाहिला होता, तोही सायकलवरून शाळेत जाताना, मोठमोठ्या टोपल्यांत रचलेला, वरून पिवळसर-तांबूस. खलिया हा मटणाचा रस्सा, त्यामुळे आमच्या घरात त्याचा विचारही नव्हता. पण त्याच्या सोबतीने बिचाऱ्या नानालाही आम्ही वाळीत टाकले होते. वडिलांच्या कचेरीतले एक स्नेही ईदला शिरखुर्मा पाठवीत. तो आम्ही पोरे आवडीने खात असू. आई मात्र त्याच्यासाठी एक पितळी डबा निराळा ठेवी.

मेधाच म्हणाली, “आई, भट्टी बघायची तर जुन्या गावात चला.” रिक्षाने आम्ही दोघी गेलो. सिडकोतून निघून दरवाजे ओलांडले की गाव एकदम अरुंद होते. नानाच्या भट्टीपुढे मी पाच मिनिटे नुसती उभी होते. आत एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ तंदुराच्या तोंडाशी बसले होते. पिठाचा गोळा दोन तळहातांवर फिरवायचा, गादीवर पसरायचा आणि वाकून तंदुराच्या भिंतीवर थापायचा. क्षणभराने तो फुगे. मी धीर करून विचारले, “यात अंडे असते का?” ते हसले. “अम्मा, आटा, नमक, खमीर, पानी. और क्या डालना?” मग मी सारी हकीकत सांगितली: नातू, शारजा, जिबना. त्यांनी माझा घरचा पिठाचा गोळा पाहायला मागितला. मी तो डब्यातून नेला होता, हे सांगायला लाज वाटते. दोन बोटांनी ओढून त्यांनी तो परत डब्यात टाकला. “इसकू उठने का टैम नहीं दिये. आटे कू जल्दी नक्को करो अम्मा.”

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला एरवी कधी सुचली नसती. चीज लावलेली रोटी तंदुरात होणार नाही. तंदुराची भिंत उभी. वर लावलेले सगळे निखाऱ्यांत जाईल. तिला सपाट तळाची भट्टी पाहिजे, पाववाल्याची असते तशी. पुढे मी वाचले तेव्हा कळले की लेबनान, सीरिया, पॅलेस्टाइन या भागांत हेच आहे: गल्लीगल्लीत सपाट तळाची भट्टी, तिला ‘फुर्न’ म्हणतात, आणि पूर्वी बायका घरून वरचे सारण वाडग्यात घालून भट्टीवर नेत व तेथे रोट्या भाजून घेत. आपल्याकडे दिवाळीत नानकटाईचे सामान घेऊन बेकरीत रांग लावीत, त्यातलाच प्रकार.

त्या दिवशी मी एक नान घेतला आणि रिक्षातच तुकडा मोडून खाल्ला. मऊ, किंचित आंबूस, कडेला धुराचा वास. फार चांगला होता. आईची आठवण झाली आणि जरा अपराध्यासारखेही वाटले.

या नानाची कुळकथा अशी सांगतात, की महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीस आणली, तिला दौलताबाद नाव दिले, तेव्हा लष्कराच्या मोठ्या भटारखान्यात हा पदार्थ शिजे; राजधानी परत गेली, पदार्थ राहिला. कागदोपत्री पुरावा काय असेल तो असो. गावाला ही कथा आवडते. त्याच सुलतानाच्या पदरी इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी काही वर्षे होता. तो दौलताबादेस येऊन गेला. येथल्या किल्ल्यातल्या कैदखान्यात मांजरांपेक्षा मोठे उंदीर आहेत असे त्याने लिहिले आहे, आणि येथली द्राक्षे-डाळिंबे वाखाणली आहेत. नंदुरबारच्या मराठी माणसांविषयी त्याने लिहिले, की हे तांदूळ, भाज्या आणि तिळाचे तेल खातात व जेवण्याआधी स्नान करतात. आपल्या स्वयंपाकघरात परका माणूस सातशे वर्षांपूर्वी डोकावून गेला, आणि त्याला तिळाचे तेल दिसले, याची मला मोठी गंमत वाटली. कारण तीळ त्यांच्या रोटीवरही असतात.

त्या रोटीचे अरबी नाव ‘मनकूशा’, अनेकवचनी ‘मनाकीश’. लेबनानी माणूस ‘मनूशे’ म्हणतो. लाटलेल्या पिठावर बोटांच्या टोकांनी खळगे पाडतात, तेल आणि सारण त्यांत मुरावे म्हणून. त्या टोचण्या-कोरण्यावरून हे नाव पडले. मूळ धातू ‘नक्श’. वाचकहो, आपली ‘नक्षी’ तीच आणि ‘नकाशा’ही त्याच घरचा. म्हणजे अनारशावर खसखशीची नक्षी पाडताना आपण नकळत अरबी बोलत असतो. २०२३ मध्ये युनेस्कोने लेबनानच्या या मनूशेची मानवी वारशाच्या यादीत नोंद केली. खमीर हा शब्द अरबी, हलवाही अरबी, नान आणि पनीर फारसी, पाव पोर्तुगीज. आपल्या दुकानाच्या पाटीवर अर्धे जग उभे असते.

आता माझ्या पहिल्या फजितीकडे. पनीर का वितळले नाही, याचा उलगडा मला शेवटी मेधाच्या एका मैत्रिणीने केला. ती दुग्धशास्त्र शिकलेली आहे. तापत्या दुधात लिंबू पिळले म्हणजे दुधातली प्रथिने एकमेकांना अशी घट्ट बिलगतात, की पुन्हा आच लागली तर पाणी सोडून आणखी आवळतात. म्हणून तर पनीर रश्शात शिजवले तरी तुकडा तुकडाच राहतो. चीज जमवतात ते कोमट दुधात रेनेट घालून. त्याची वीण निराळी, ती तापली की सैल होते आणि तार सुटते. रेनेट पूर्वी वासराच्या जठरातून काढीत. हे ऐकून मी चमच्यासकट थांबले. पण आता सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेटही वापरतात, तेव्हा शाकाहारी घरांनी पाकिटावर हिरवा ठिपका पाहून घ्यावा आणि निश्चिंत असावे.

तिकडे या रोटीवर ‘अक्कावी’ नावाचे पांढरे चीज घालतात. भूमध्य समुद्राकाठच्या अक्का बंदरावरून ते नाव पडले. ते मिठाच्या पाण्यात ठेवलेले असते. आपल्या गावात ते शोधत बसू नये. मी तीनचार प्रयोगांनंतर ठरवले ते असे: २५० ग्रॅम पनीर घरी करावे, फार दाबू नये, अर्धा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून त्यात ते रात्रभर बुडवून ठेवावे. सकाळी निथळून कुस्करावे आणि त्यात १५० ग्रॅम मोझरेला किसून मिसळावे. पनीर अंग देते, मोझरेला तार देतो, आणि मिठाचे पाणी ती खारट चव देते जिच्यावाचून सोहमने माझे दोन प्रयत्न नापास केले होते. वरून चिमूटभर कलौंजी, म्हणजे कांद्याच्या बियांसारखे दिसणारे काळे दाणे.

पिठासाठी अर्धा किलो मैदा घ्यावा; मला सबंध मैद्याचे पाप नको वाटते म्हणून मी १५० ग्रॅमपर्यंत कणीक घालते, त्याहून जास्त घातली की रोटी जड होते. पाऊण चमचा मीठ, चमचाभर साखर, दोन लहान चमचे कोरडे यीस्ट, तीन मोठे चमचे तेल आणि सुमारे ३०० मिलिलिटर कोमट पाणी. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीहून थोडे कमीच. माझा एक सबंध घाणा कढत पाण्याने मेला. यीस्ट हा जिवंत जीव आहे हे विसरून चालत नाही. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवावे आणि दहा मिनिटे मनापासून मळावे. सुरुवातीला हाताला चिकटेल. कोरडे पीठ लावण्याचा मोह आवरावा. मग तेलाचा हात लावून, झाकून, दुप्पट होईपर्यंत ठेवावे. किती वेळ, ते घड्याळाने सांगता येत नाही. आमच्याकडे वैशाखात पाऊण तास पुरतो. दिवाळीत हवेत शिरशिरी आली की दीड तासही लागतो. भट्टीवाल्या चाचांचा मंत्र येथे आठवावा.

फुगलेल्या पिठाचे आठ गोळे करून दहा मिनिटे पुन्हा झाकून ठेवावे, नाहीतर लाटताना ते रबरासारखे मागे येतात. पाव इंच जाडीची रोटी लाटून बोटांनी नक्षी पाडावी, सारण पसरावे, कडा मोकळ्या ठेवाव्या. ओव्हन २३० अंशांवर चांगला वीस मिनिटे तापवून, तापलेल्या पत्र्यावरच रोटी ठेवावी. सातआठ मिनिटांत होते. जास्त ठेवली तर चीज तेल सोडते. ओव्हन नसेल तर लोखंडी तवा आहेच: रोटी एका बाजूने भाजून उलटावी, भाजलेल्या बाजूवर सारण घालावे, उंच झाकण ठेवून मंद आच करावी. वरून लाली येत नाही, पण तक्रार करण्यासारखे काही नसते.

चीजपेक्षाही तिकडे जुनी आवड ‘झातर’ची. ती एक रानटी सुवासिक पाल्याची पूड. तिच्यात तीळ आणि सुमाक नावाच्या आंबट फळांचा भुगा असतो. मेधाकडे अर्धी पिशवी उरली होती. ती नाकाशी नेली आणि मी म्हटले, “अगं, हा तर ओवा!” नुसता भास नव्हता, ओव्याचा आणि त्या पाल्याचा वास एकाच द्रव्याने येतो, त्याला थायमॉल म्हणतात. पिशवी संपल्यावर मी अंगणातल्या ओव्याची पाने सावलीत सुकवून चुरली, थोडा ओवा, भाजलेले तीळ, मीठ आणि आमचूर मिसळला आणि तेलात कालवून रोटीवर फासला. आमच्या ह्यांनी तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा म्हणाले, “पोटाला बरे आहे.” त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी लग्नातही ऐकली नाही. सोबत त्यांचे ‘लबने’ वाढतात. ते म्हणजे फडक्यात टांगलेला दह्याचा चक्का, फक्त साखरेऐवजी मीठ आणि वर तेल. श्रीखंडाच्या भावाला आपण आजवर ओळखत नव्हतो एवढेच.

सगळ्यांत नवल मला वाटले ते ‘साज’चे. घुमटासारखा फुगीर तवा, खाली जाळ, आणि त्यावर हातांनी वाढवून पातळ केलेली रोटी टाकायची. मोबाईलवर सोहमने मला ते दाखवले तेव्हा मी ओरडलेच: “हे तर मांडे!” माझे आजोळ खानदेशातले. उलट्या खापरावर, कोपरापर्यंत हात झाकेल असा पुरणाचा मांडा टाकणारी मामी मी डोळ्यांनी पाहिली आहे. सोहमला ते खरे वाटेना. मग मी गॅसवर कढई उपडी घालून दाखवली. पहिल्या दोन रोट्या फाटल्या, एक जमिनीवर पडली; चौथी बरी झाली. त्या दुपारी तो स्वयंपाकघरातून हलला नाही आणि चार महिन्यांत प्रथमच न विचारता दुसरी रोटी मागितली.

असे करता करता दिवाळी आली. करंज्यांचा दिवस होता. सारण संपले आणि रव्या-मैद्याचे पीठ उरले, हे दर वर्षीचेच. मेधा म्हणाली, “आई, तिथे चीजचे सांबूसेक करतात, अगदी करंजीसारखे.” सांबूसेक म्हणजे आपल्या समोशाचा वडीलधारा. १२२६ मध्ये बगदादेत लिहिलेल्या एका पाकपुस्तकात तो आहे, आणि दिल्लीच्या दरबारी जेवणात इब्न बतूतानेही तो खाल्ला: खिमा, बदाम, पिस्ते भरून तुपात तळलेला. आम्ही पनीर-मोझरेला, बारीक कोथिंबीर आणि मिरपूड भरली. साखरेचे सारण तळताना फुटले तर तेल खराब होते. चीज फुटले तर तेलाबरोबर हातही भाजतो, तेव्हा भरताना हात आखडता घ्यावा आणि कडा नीट बंद कराव्या.

कडेला मुरड घालायला मी सोहमला बसवले. त्याची बोटे बारीक. तिसऱ्या सांबूसेकला त्याची मुरड माझ्यापेक्षा सुबक आली. मुलगा वर्तमानपत्र घेऊन दारात उभा होता. गावातल्या एका कारखान्यात त्याला आश्विनात काम लागले होते, पगार तिकडच्या मानाने पुष्कळ कमी. घरात आल्यापासून शारजाचे नाव त्याने काढले नव्हते. तो आत आला, पाटावर बसला आणि एक पारी हातात घेतली.

“त्या भट्टीवाल्याने,” तो म्हणाला, “शेवटच्या दिवशी पैसे घेतले नाहीत. मी खूप म्हटलं. त्याने सहा रोट्या बांधून दिल्या, विमानात खा म्हणाला. आम्ही त्या विमानतळावरच संपवल्या.”

“पाच,” सोहम म्हणाला. “एक मी बॅगेत ठेवली होती. आजीला दाखवायला. इथे येईपर्यंत बुरशी आली.”

त्या रोटीविषयी मला कोणी काही बोलले नव्हते. सांबूसेक करपायला आले होते. मी झारा घेतला आणि कढईकडे वळले.